गाडीवानाची बायको

बारावीच्या वर्षी मी मराठीचं पुस्तक भिंतीवर आपटलं होतं, एकदा चुलीपर्यंत नेलं होतं, आणि एकदा तर त्याच्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले होते. आमच्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा असतो. आईनं मला तसं उभं पाहिलं आणि पाठीत असा धपाटा घातला की मी खाली उतरले. नमस्कार मात्र केला नाही. साहित्य वाचून माणूस हळवा होतो म्हणे. मी खुनशी व्हायची. कविता आवडली नाही की कवीला बदडावंसं वाटायचं, आणि आवडली तर समोर जे कोणी असेल त्याला.

आमचं गाव लाखनीच्या थोडं आत आहे. हायवे सोडला की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि मधून रस्ता. मी सायकलनं लाखनीला कॉलेजात जायची. मराठीच्या पेपरात स्वमत नावाचा एक प्रश्न असतो. धडा किंवा कविता वाचून तुम्हाला स्वतःला काय वाटलं, ते लिहायचं. सर ते फळ्यावर लिहून देत आणि आम्ही उतरवून घेत असू. अख्ख्या वर्गाला एकच गोष्ट, एकाच वेळी, त्याच शब्दांत वाटायची. सर माणूस वाईट नव्हते. भंडाऱ्याहून अपडाऊन करायचे, गाडीत धक्के खाऊन यायचे, आणि तरी कविता वाचताना त्यांचा आवाज खरोखर भरून यायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

पहिली चकमक आईवरच्या कवितेशी झाली. कवी मोठे होते, आता हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. त्या कवितेत आई म्हणजे जमीन होती. तिला नांगरा, तुडवा, लाथ मारा, ती गप्प राहते आणि वर पीक देते, असा एकूण भाव. वर्गातल्या मुली ती चालीवर म्हणायच्या. पहिल्याच कडव्यात माझं डोकं तापलं. या माणसानं आयुष्यात एक तरी बांधी रोवली होती का? जमीन लाथ मारल्यानं पिकत नाही. तिला शेणखत घालावं लागतं, पाणी द्यावं लागतं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राखण करावी लागते. आणि एखाद्या वर्षी तिचंही डोकं फिरतं, टाकलेलं सगळं बी गिळून ती स्वस्थ बसते. मी समासात लिहिलं, 'एकदा आईनंही उलटून मारावं.' बाजूला बसणाऱ्या मुलीनं ते वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

नंतर एक चांदण्याची कविता आली. तिचा तर काहीच दोष नव्हता. झाड, तळं, वर चंद्र आणि तळ्यातही चंद्र. मला त्या तळ्यात धोंडा टाकावासा वाटला. त्या दिवसांत जिथे म्हणून शांत दिसेल तिथे मला धोंडा टाकावासा वाटत होता, कारण घरी ताई आली होती.

ताई माझी मोठी बहीण. दहावीनंतर तिची शाळा बंद झाली आणि पुढे मोहाडीकडच्या एका गावात तिचं लग्न झालं. ते लग्न कसं जमलं हे आधी सांगितलं पाहिजे. माझे बाबा बैलांचे पारखी म्हणून आसपासच्या गावांत ओळखले जातात. बाजारातून बैल घ्यायचा तर लोक त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेतात. बाबा बैलाभोवती एक फेरी मारतात, खूर बघतात, जबडा उघडून बघतात आणि 'घे' किंवा 'सोड' एवढंच बोलतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

आणि आमच्याकडे शंकरपटाचं वेड भारी. धान निघालं की मोकळ्या शेतात लांब सरळ पट्टा करतात, हलक्या छकड्याला बैलजोड्या जुंपून पळवतात, आणि सगळा मुलूख बघायला लोटतो. अशाच एका पटात बाबांनी एक तरणा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, पाहिला. बाकीचे बैलांच्या शेपट्या पिरगाळत होते, लोकांची नजर चुकवून तुतारी टोचत होते. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, पटात तिला बंदी आहे. हा मात्र तोंडानं नुसता एक आवाज करायचा आणि जोडी सुटायची. पट संपल्यावर बाबा त्याच्या बैलांजवळ गेले आणि पाठींवरून हात फिरवला. एकाही पाठीवर वळ नव्हता.

बाकीचे बाप मुलाची शेती विचारतात, दारूचं विचारतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोदून खोदून विचारतात. बाबांनी काही विचारलं नाही. घरी येऊन आईला म्हणाले, "ज्याचा बैल मार न खाता धावते, त्याच्या घरी पोरगी सुखात राह्यते." आईला पटलं. मलाही पटलं. आमच्या गावात कुणालाही पटलं असतं.

दिवाळीला ताई माहेरी आली ती उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधून. भाऊजींनी मारलं होतं. पहिल्यांदा नव्हे. या वेळी बैलांची ढेप, म्हणजे पेंड, भिजवायला उशीर झाला म्हणून त्यांनी जुवातली शिवळ उपसून तिच्या हातावर हाणली होती. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात अडकवायची लाकडी खुंटी, चांगली हातभर लांब. सासूनं गावातच कामट्या बांधून घेतल्या. दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात विचारतात. आई आणि मी तिला भंडाऱ्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. बाबा आले नाहीत. आम्ही परत आलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते.

"काही तरी केलं असशील व तू," ते ताईला म्हणाले. "तो मुक्या जनावरावर हात टाकत नाही, तुयावर काहून टाकंन?"

ताईनं मान खाली घातली. मी म्हणाले, "बाबा, हात मोडला तिचा."

"तू पुस्तक वाच," बाबा म्हणाले.

बाबांचं मन मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच माझा संताप होत होता. जावई वाईट निघाला तर बाबांची पारख खोटी ठरत होती, आणि बाबा बैलात कधी चुकले नव्हते. त्यांनी जावयाला निरोप धाडला. पौषात आमच्याच गावात पट भरणार होता. जावयानं जोडी घेऊन यावं, पट खेळावा, आणि जाताना ताईला सोबत न्यावं. आईनं एकदा, "अजून थोडे दिवस राहू द्या," म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "पट झाला का जाईन ते." ताईला कुणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "जाईन. नाही तं कुठी जाऊ?"

म्हणजे माझ्याजवळ पौषापर्यंतचे दिवस होते आणि हातात मराठीचं पुस्तक होतं. बाबांनी वाच म्हटलं होतं, म्हणून मी वाचत होते, दात खात.

धान कापणीच्या सुमारास सरांनी बैलाची गोष्ट घेतली. ही फार जुनी आणि फार मानलेली गोष्ट आहे, कितीतरी पिढ्या ती वाचून रडल्या आहेत. एक गाडीवान मालकाचा माल घेऊन निघतो. नदीला अचानक पूर येतो. गाडी पाण्यात ओढली जाते, तेव्हा तो माल वाचवत नाही, जुवाचे दोर कापून म्हातारा बैल वाचवतो. माल वाहून जातो, मालक कामावरून काढतो, आणि शेवटी बैल त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. पुस्तकात चित्र होतं: गाडीवान बैलाच्या गळ्यात पडून रडतो आहे. सरांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि चष्मा काढून पुसला. मागच्या बाकावरचे दांडगे मुलगेसुद्धा खाली बघत होते. मग सर फळ्याकडे वळले आणि आमचं स्वमत लिहून दिलं. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं की मुक्या जिवावर एवढी माया करणारा माणूस वाईट असूच शकत नाही.

मी उभी राहिले. "असू शकतो, सर."

"उदाहरण दे."

उदाहरण घरी खाटेवर बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होतं. पण वर्गात आमच्या गावची चार पोरं होती, आणि ताईचं नाव मी त्यांच्या तोंडी जाऊ देणार नव्हते. मी खाली बसले. त्या संध्याकाळी घरी पोचताच पुस्तक भिंतीवर आपटलं.

आवाज ऐकून बाबा आत आले. "काय झालं व?"

"बैलाची गोष्ट आहे," मी म्हणाले.

"मंग वाच ना."

वाचली. चवथी शिकलेला माझा बाप पहिल्यांदा पुस्तकातलं काही ऐकत होता. पुराच्या जागी त्यांनी खाटेची माचवी घट्ट धरली. बैल मेला तेव्हा त्यांनी गमछा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. आईला चिडवून हसवणारा, सरकारला शिव्या देणारा, पोरीच्या मोडक्या हाताकडे न बघणारा माझा बाप एका छापील बैलासाठी रडला. मला ते पुस्तक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. हे मी उगाच तिखट लावून सांगत नाही, माझा हात खरोखर वर गेला होता.

मग तो नादच झाला. बाबांकडे कुणी बैलाचं विचारायला आलं की हाक यायची, "ते गोष्ट वाच व." मी ओट्यावर बसून वाचायची. मोठे मोठे मिशाळ लोक नाक ओढायचे. "माणूस असा पायजे," बाबा शेवटी म्हणायचे, आणि सगळे मान हलवायचे. ताई मागे दारात बसलेली असायची, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. ती कधी रडली नाही.

एकदा मात्र सगळे उठून गेल्यावर ती म्हणाली, "त्याची बायको कुठी पडली?"

"कोणाची?"

"गाडीवानाची. त्यानं ढकललं ना तिले."

मला आठवेना. मी पान उलटून शोधलं. होतं. माल वाहून गेल्यावर गाडीवान ओलाचिंब होऊन घरी येतो. बायको दारात काहीतरी विचारते. तो तिला बाजूला ढकलतो आणि बैलाला घेऊन गोठ्यात जातो. अर्धं वाक्य. त्यानंतर पूर्ण गोष्टीत ती बाई परत येत नाही. एवढ्या वेळा मी ते मोठ्यानं वाचलं होतं, आणि माझी जीभ त्यावरून सरळ निघून गेली होती.

बाबांनी ऐकलं. "गोष्ट बैलाची आहे," ते म्हणाले.

"मले मालूम आहे," ताई म्हणाली आणि तांदळाचं सूप उचलून आत गेली. एका हातानं उचलताना सूप कललं आणि मूठभर तांदूळ सांडले.

त्या अर्ध्या वाक्यानं मला झपाटलं. ती उंबऱ्यावर पडली की चुलीवर? हातात काय होतं? अंगावर गरम काही सांडलं का? पोरं बघत होती का? बैलाचा श्वास कसा चालला होता, हे लेखकानं पानभर लिहिलं होतं. नाकपुड्या, फेस, डोळ्यांच्या कडा, सगळं. बाईला मात्र पडायला जमीनसुद्धा दिली नव्हती. लेखक समोर असते तर मी त्यांची कॉलर धरली असती. ते एवढे मोठे होते, त्यांना दिसलं नसेल असं मी मानायला तयार नव्हते. दिसलं होतं, लिहिलं होतं, आणि मग तेही गाडीवानाच्या मागे मागे गोठ्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "सर, गाडीवानाच्या बायकोचं पुढे काय झालं?"

सरांनी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे. "ते गौण पात्र आहे. परीक्षेला येत नाही."

वर्ग हसला. मी बाकावर अशी मूठ आपटली की बाजूच्या मुलीची कंपास पेटी खाली पडली. सरांनी मला बाहेर काढलं. मी बाहेरच्या कडुनिंबाला टेकून उभी राहिले आणि करंगळीजवळ सुजलेला हात चोळत राहिले. पुढच्या चाचणीत हाच धडा आला. स्वमत लिहिताना मी फळ्यावरचं काही आठवलं नाही. लिहिलं की पुरात दोर कापायला बायको असायला हवी होती, आणि तिनं बैलाला बाहेर काढून गाडीवानाला तिथेच राहू द्यायला हवं होतं. सरांनी लाल पेनानं पूर्ण उत्तरावर रेघ मारली आणि खाली 'विषयांतर' लिहिलं.

ताईला मी ते दाखवलं. ती हसली, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मग म्हणाली, "तुया पुस्तकात एखादी बाई उलटून मारते का?"

मी सगळं पुस्तक चाळलं. वीर होते, संत होते, एका कवितेत सिंहसुद्धा होता. बायका होत्या त्या वाट बघत होत्या, नाहीतर माफ करत होत्या. "नाही," मी म्हणाले.

"मंग कायले वाचते?"

"मार्क भेटते."

"वाच मंग," ताई म्हणाली.

पौष आला. धान चुरून झालं होतं, शेतं मोकळी पडली होती, आणि परीक्षेला महिना उरला होता. ताईचं प्लास्टर निघालं होतं, पण हातात जोर नव्हता. पटाच्या दिवशी गाव माणसांनी भरलं. भाऊजी पिकअपमधून जोडी घेऊन आले. पांढरेशुभ्र बैल, शिंगांना तेल, गळ्यात नवे कासरे. उतरवताना ते त्यांच्याशी असं बोलत होते की बाजूच्या बायका कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. त्यांची जोडी शेवटच्या फेरीत दुसरी आली. काठी नाही, शेपटी पिरगाळणं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा गर्दीत उभे होते आणि चार लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, जसं काही तेच धावले होते.

दुपार कलल्यावर भाऊजी घरी आले. बैल अंगणातल्या झाडाला बांधले. आईनं कोंबडा कापला होता. जावयाचे पाय धुवायला मला सांगितलं, मी पाण्यानं भरलेला पितळी गुंड त्यांच्यासमोर आदळला आणि बाजूला झाले. ते हसले. आनंदात होते. ओट्यावर बाबांच्या शेजारी बसून पटाचं सांगू लागले. ताईची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

ताई चहा घेऊन आली. कप उजव्या हातात होता. मनगट डगमगलं आणि चहा भाऊजींच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हाताची उलटी बाजू फिरवली. ताईचं तोंड चौकटीवर आपटलं, कप फुटला, आणि भाऊजी बोलत राहिले. "...म्हून मी सरकी कमी केली मामाजी, ढेप वाढवली." त्यांचं वाक्य मध्ये तुटलंही नव्हतं. माशी हाकलावी तेवढंच ते होतं. ताईच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं, सवयीनं.

मी दाराजवळच्या खुंटीवरचा विळा उचलला होता. हे खरं आहे. पण बाबा माझ्याआधी उठले.

ते घाईनं उठले नाहीत. वळचणीत हात घातला आणि जुनी तुतारी काढली, आजोबांच्या काळची, गंजल्या खिळ्याची. आमच्या घरात ती कधी वापरलेली मी पाहिली नव्हती. भाऊजी हात वर करून मागे सरकले, त्यांना वाटलं त्यांच्यावर येते. बाबा त्यांच्या अंगावरून पुढे गेले, अंगणात उतरले आणि एका पांढऱ्या बैलाच्या पाठीवर काठी हाणली. मग परत. मग खिळा त्याच्या मागच्या पुठ्ठ्यात खुपसला आणि ओढला. पांढऱ्या कातडीवर लाल रेघ उमटली. बैल हंबरला, कासऱ्याला हिसका बसून झाड हललं, दुसरा बैल मागच्या पायांवर उठला, अंगणभर धूळ झाली. बाबांचे दात दिसत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही कधी पाहिलं नाही.

भाऊजी धावले. बैलाच्या गळ्यात पडले, स्वतःचं अंग मध्ये घातलं. "मामाजी, मारू नका. मुक्या जनावराले काहून मारता? त्यानं काय केलं?" ते रडत होते, खरंखुरं, नाकातोंडातून.

"काही तरी केलं असंन त्यानं," बाबा म्हणाले.

मला आनंद झाला. बैलाचे पांढरे झालेले डोळे मला दिसत होते, त्याचं पोट धपापत होतं, आणि काठी चुकीच्या पाठीवर पडते आहे हेही कळत होतं. तरी आनंद झाला. आणि त्याच वेळी मला पुस्तकातलं ते चित्र समोर दिसलं, जसंच्या तसं. बैलाच्या गळ्यात पडून रडणारा माणूस. कुणी फोटो काढला असता तर बघणाऱ्याचे डोळे भरून आले असते. फक्त इथे मागे दारात बायको उभी होती, फुटक्या ओठानं, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि त्याला रडता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

बाबांच्या हातातून काठी गळून पडली. ताई आत गेली आणि हळद-तेलाची वाटी घेऊन आली. सरळ बैलाजवळ गेली. बैल थरथरत होता, पण त्यानं तिला जवळ येऊ दिलं. रोज ढेप तीच भिजवायची. तिनं त्या रेघेवर हळद भरली, डाव्या हातानं, सावकाश. मग हात पुसून भाऊजींना म्हणाली, "याले घेऊन जा. मी येत नाही."

"मंग इथंच मर," भाऊजी म्हणाले.

"मरू कायले," ताई म्हणाली, "जेवीन."

पिकअप गेली. हंबरणं ऐकून कुंपणापाशी जमलेले लोक पांगले. ताईनं पिशवी उचलून आत नेली, आईनं ताटं वाढली. जावयासाठी कापलेला कोंबडा आम्ही तिघींनी चुलीपुढे बसून खाल्ला. ताईनं परत परत वाढून घेतलं. ओठ दुखत होता तरी हाडं फोडून खाल्ली. मी तिला तसं जेवताना कितीतरी दिवसांनी पाहत होते.

बाबा आले नाहीत. ते ओट्याच्या पायरीवर बसले होते, तळहात उलटे करून गुडघ्यांवर ठेवलेले. ताईनं त्यांचं ताट नेऊन समोर ठेवलं. मी मागे दारात उभी होते. बाबांनी ताटाला हात लावला नाही.

"बैल वाचंन ना व?" ते म्हणाले. "खिळा लय खोल गेला."

"बैलाले काही होत नाही," ताई म्हणाली. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "दिवाळीपासून मी इथं आहो, बाबा. माया हाताचं तुम्ही एकदा बी इचारलं नाही."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. बाबांनी अंगणाकडे पाहिलं. अजून उजेड होता, झाडाखाली शेण आणि पायरीशी फुटलेल्या कपाचे तुकडे दिसत होते. मग ते म्हणाले, "दाखव."

ताईनं उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. बाबांनी बांगड्या वर सारल्या आणि अंगठ्यानं मनगटाचं हाड चाचपलं. अंगठा एका जागी येऊन थांबला. ते परत वरून खाली आले, आणि परत तिथेच थांबले.

"वाकडं जुळलं," बाबा म्हणाले.

"हो."

"दुखते?"

"रोज," ताई म्हणाली.